सतराव्या खुंटीवरची फीत

“आत किती?” खटावकरांनी विचारलं.

“एक्केचाळीस,” मी म्हणाले.

“बाहेर?”

“अजून एकही नाही.”

“मग उभी काय राहिलीस? लाग कामाला.”

पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावर आमचा उड्डाणतळ होता. तिथल्या पांढऱ्याशुभ्र दालनात आम्ही वीसएक माणसं होतो आणि मराठी बोलणारे फक्त आम्ही दोघं. त्यामुळे खटावकर मला रागवायचे ते कुणाला कळायचं नाही, आणि मी त्यांना उलट उत्तर द्यायचे तेही कळायचं नाही. ते वरिष्ठ तंत्रज्ञ. छत्तीस वर्षं नोकरी झालेली, महिनाअखेरीला निवृत्ती. साताऱ्याकडच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा, बोटं अजूनही तशीच, कुठल्याही स्क्रूला न दुखवणारी. मी त्यांच्या हाताखालची अभियंता, हेमांगी कुबल. मालवणच्या उत्तरेला समुद्राला चिकटून आमची वाडी आहे. वडील मासेमारी करायचे.

समोर स्टँडवर आमचा उपग्रह उभा होता. समुद्रावरचा वारा मोजणं हे त्याचं काम. वारा काही वरून दिसत नाही, पण वाऱ्यानं पाण्यावर उठणाऱ्या बारीक लहरी पकडता येतात. उपग्रहाची थाळी सतत फिरत राहते, समुद्राकडे रेडिओ तरंग सोडते आणि परत आलेले झेलते. त्यावरून वारा किती आणि कुठून, ते कळतं. जिथं एक जहाजसुद्धा नाही, अशा पाण्यावरचंही कळतं. हे मी आबांना, म्हणजे वडिलांना, फोनवर समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तू वाऱ्याचो फोटो काढतलंस. बरा. निघालो काय पयलो माका दाखव.”

उपग्रहाच्या प्रत्येक नाजूक भागावर झाकण होतं. प्रत्येक झाकणाला वीतभर लांबीची लाल फीत, फितीवर नंबर. उड्डाणापूर्वी एकूण एक झाकणं निघायला हवीत, म्हणून भिंतीवर एक्केचाळीस खुंट्यांचा फळा होता. झाकण काढलं की ते पेटीत टाकायचं आणि फीत सोडवून आपल्या नंबरच्या खुंटीला अडकवायची. फळा भरला की काम संपलं. त्यावर खटावकरांचा स्वतःचा एक नियम होता. झाकण ज्यानं लावलं, त्यानंच ते काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. लावणाऱ्याच्या हाताला सगळं माहीत असतं, असं ते म्हणायचे.

माझी झाकणं बारा होती. मंगळवारी सकाळी मी त्यातली सहा काढली, आणि काचेवर टकटक झाली. बाहेर सुरक्षारक्षक कानाशी हात नेऊन मला फोनची खूण करत होता.

बाहेरच्या खोलीत फोनवर माझा धाकटा भाऊ होता, गजा.

“ताई, आबांचो मचवो येवक नाय.”

“कधी गेले होते?”

“काल सकाळी. दुपारी वारो फिरलो. बाकीचे इले.”

“किती गेले होते?”

“नऊ.”

“इले किती?”

“आठ,” तो म्हणाला.

समुद्र खवळण्याची शक्यता असल्याचा इशारा रेडिओवर होता म्हणे. तो पंधरा दिवसांतून तीनदा तरी असायचा. त्यावर विसंबून घरी बसायचं तर चूल पेटली नसती, म्हणून कुणी मनावर घेत नसे. आबांनीही घेतलं नव्हतं.

मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. तासाभरानं खटावकर तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आले. मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तो काढून घेतला, जणू दालनाबाहेरसुद्धा हात लावायची परवानगी लागते.

“तुझी राहिलेली सहा मी काढतो,” ते म्हणाले.

“काका, तुमचाच नियम...”

“मी केलाय ना? मग मीच मोडतो. तू फोनपाशी बस.”

दोन वाजता मी आत गेले तेव्हा फळा भरलेला होता. एक्केचाळीस लाल फिती ओळीनं लटकत होत्या. मी त्या पाहिल्या, पण खरं सांगायचं तर काहीच पाहिलं नाही. संध्याकाळी पाच वाजता उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी आले आणि उपग्रह त्यात बंद झाला. दुसऱ्या दिवशी तो रॉकेटच्या माथ्यावर चढवला. उड्डाण रविवारी होतं.

मला घरी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. वादळानं कोकणात रेल्वेमार्गावर दरड आणली होती, घाटातले रस्तेही बंद. रोज दोनदा फोन व्हायचा. तटरक्षकांची बोट शोधतेय. हेलिकॉप्टर येऊन गेलं. आई किनाऱ्यावरून उठत नाही. शुक्रवारी सकाळी गाड्या सुरू झाल्याचं कळलं आणि खटावकरांनी कुणाकुणाला भेटून मला संध्याकाळच्या गाडीचं तिकीट मिळवून दिलं.

जाण्यापूर्वी माझा अवजारांचा खण दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा होता. मी तो रिकामा करायला घेतला, आणि त्यात एक वस्तू नव्हती.

ती वस्तू तिथं असायलाच नको होती, हे आधी सांगते. सहा महिन्यांपूर्वी उपग्रहाला हादरे देऊन पाहण्याची चाचणी झाली, तेव्हा सतरा नंबरच्या फितीची शिवण उसवली. मी नवी शिवली, तिच्यावर सतरा आकडा काढला आणि झाकणाला लावली. जुनी फीत कापून नष्ट करायची आणि तशी नोंद करायची, असा दंडक. मी नोंद केली, पण फीत कापली नाही. आमच्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा कुणी टाकत नाही, आई लगेच गुंडाळून ठेवते. माझाही हात तसाच वळला. कशाला तरी बांधायला होईल म्हणून मी ती फीत खणातल्या ताटलीत ठेवून दिली. आणि मंगळवारी तीच ताटली अवजारांसकट उपग्रहाशेजारी नेली होती.

मी फळ्यापाशी गेले. सतराव्या खुंटीवरची फीत इतर फितींपेक्षा फिकी होती. उलटून पाहिली. कडेची शिवण उसवलेली.

म्हणजे नवी फीत अजून उपग्रहावर होती. थाळीच्या समोर तरंग सोडणारा एक छोटा भोंगा असतो, त्याच्या तोंडावर वाटीएवढं झाकण, आतून धातूचा पत्रा. सतरा नंबरचं. ते तसंच राहिलं तर उपग्रह वर जाईल, नीट फिरेल, सगळे टाळ्या वाजवतील आणि त्याला समुद्र कधीच दिसणार नाही. वर जाऊन झाकण काढायला कुणी जाऊ शकत नाही.

काय झालं असणार ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. खटावकरांनी फळ्यावर मोजलं तेव्हा चाळीस भरले असतील. त्यांनी शोधाशोध केली आणि ताटलीत सतरा सापडली. आपणच काढून गडबडीत इथं टाकली, असं वाटून त्यांनी ती खुंटीला अडकवली. नंतर कागदावर सही केली. माझ्या सहाही झाकणांसमोर त्यांची सही होती.

हे सांगितलं तर त्यांची छत्तीस वर्षं या एका झाकणापाशी येऊन थांबणार होती, आणि तीही माझ्यावर माया केली म्हणून. न सांगितलं तर उपग्रह आंधळा.

पण एक वाट होती. त्याच दुपारी तीन वाजता कवचाचं छोटं दार शेवटचं उघडायचं होतं. आत कोरडी हवा सोडणारी नळी काढायची आणि दार कायमचं बंद करायचं. माझा हात बारीक, म्हणून ते काम माझ्याकडेच होतं. नळीपासून भोंगा वीतभर पलीकडे. मी कुणालाही काही न सांगता मनाशी ठरवून टाकलं.

तीन वाजता आम्ही रॉकेटला लागून असलेल्या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर होतो. खाली रॉकेट, त्याच्याही खाली झाडी, आणि सगळीकडे समुद्र. त्या दिवशी तो अगदी गरीब दिसत होता. मला त्याच्याकडे बघवेना. आम्ही तिघंच होतो, मी, खटावकर आणि नोंदवही घेतलेला रेड्डी. रेड्डी आत जाणारी आणि बाहेर येणारी प्रत्येक वस्तू लिहायचा, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

“आत किती?” खटावकरांनी मला विचारलं.

“दोन. पाना आणि टॉर्च.”

त्यांनी ते रेड्डीला इंग्रजीत सांगितलं. त्यानं लिहिलं.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. नळी सोडवून दाराबाहेर दिली. मग गाल कवचाला टेकवून आणखी आत चाचपडले. आधी थंड धातू लागला, मग कापड. नवीन कापडाचा खरखरीतपणा बोटांना लगेच कळला. झाकण फिरवलं, ते सुटलं. त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते आबांसाठी होतं की त्या भोंग्याच्या उघड्या तोंडासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. झाकण फितीसकट मी बाहीत सारलं. कामावरच्या पांढऱ्या झग्याच्या बाहीला मनगटाशी इलॅस्टिक होतं, ते वरून घट्ट बसलं. हात बाहेर काढला. पाना आणि टॉर्च पुढे धरले.

“बाहेर किती?” खटावकरांनी विचारलं.

“दोन.”

रेड्डीनं लिहिण्यासाठी पेन टेकवलं. खटावकरांनी तळहात आडवा धरून त्याला थांबवलं.

“हेमा, बाहेर किती?”

“दोन, काका.”

“बाही सैल कर.”

मी हलले नाही. आवाज खाली ठेवून मी म्हणाले, “काका, काम झालंय. आता कशालाच धोका नाही. ह्याला काही कळत नाहीये. दोन म्हणा आणि दार बंद करू या. तुमचे बावीस दिवस राहिलेत.”

“कुठलं आहे?”

“सतरा.”

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

“सतरा मी काढलंय,” ते म्हणाले. “मला चांगलं आठवतंय.”

“खुंटीवर जुनी फीत आहे. मी टाकली नव्हती, ताटलीत ठेवली होती. चूक माझी आहे, काका.”

“ती तू तुझी सांग. माझी मी सांगेन.” त्यांनी कवचाकडे बोट दाखवलं. “तुझी सहा मी काढली. सतरा काढल्याचं मला आठवतंय, आणि ते तर तुझ्या बाहीत आहे. मग राहिलेली पाच मला आठवतात, त्याला काय किंमत? तू पाहिलीस ती?”

“नाही.”

“मग रविवारी कशाच्या जोरावर वर पाठवायचं?”

रेड्डी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. काही बिघडलंय का, असं त्यानं विचारलं. खटावकर मात्र माझ्याकडेच बघत होते. त्यांना माझा हात धरून बाही ओढता आली असती. त्यांनी तसं केलं नाही.

“त्या दिवशी तुझ्या वाडीत मोजणाऱ्यानं नऊच सांगितले असते तर?” ते हळूच म्हणाले. “तुला वाईट वाटू नये म्हणून?”

मी इलॅस्टिक वर केलं. झाकण माझ्या तळहातावर घसरलं आणि लाल फीत वाऱ्यानं फडफडायला लागली. रेड्डीच्या तोंडून एक तेलुगू शब्द निघाला, त्याचा अर्थ मला भाषा न येताही कळला.

“लिही,” खटावकर त्याला इंग्रजीत म्हणाले. “आत दोन, बाहेर तीन.”

तासाभरात आम्ही रंगनायकी मॅडमपुढे उभे होतो. ही मोहीम त्यांच्या हाताखाली चालली होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कुणी लावलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले, आणि जुन्या फितीचं सगळं सांगून टाकलं.

“कुणी काढलं?”

“काढलं नाही,” खटावकर म्हणाले. “काढलं म्हणून सही केली. ती मी.”

मॅडमनी नोंदवहीतला तीनचा आकडा पाहिला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही आज तीन लिहायला लावलंत, हे मी अहवालात लिहीन, मिस्टर खटावकर. पण मंगळवारचंही मला लिहावं लागेल.”

“लिहायलाच हवं,” ते म्हणाले.

उड्डाण पाच दिवस पुढे गेलं. कवच पुन्हा उघडून प्रत्येक जागा तपासायची ठरली. खटावकरांना मोहिमेतून काढलं, कागदावरच्या त्यांच्या सह्या खोडून तिथं दुसऱ्याच्या घेतल्या. मला लेखी समज मिळाली आणि घरी जायची परवानगी. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं, कारण माझ्या घरी तसं घडलं होतं. ते सांभाळून घेणं मला फार लागलं.

संध्याकाळी ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. माझी पिशवी त्यांच्या हातात होती.

“राग आलाय माझा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“असू दे.” चार पावलं गेल्यावर म्हणाले, “मी खोटं नव्हतो बोललो, बरं का. सतरा काढताना माझा हात मला दिसतोय. अजूनही दिसतोय.”

बस आली. त्यांनी पिशवी आत दिली आणि ती सुटायच्या आधीच पाठ फिरवली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता उपग्रह उडाला तेव्हा मी वाडीत होते. गजानं रेडिओ लावला होता. बाकीची झाकणं निघालेलीच होती, हे मला फोनवर कळलं होतं. आई किनाऱ्यावर बसली होती. तिनं कुंकू पुसलं नव्हतं आणि पुसायला कुणी सांगायला धजावत नव्हतं. आबांच्या मचव्याची एक फळी देवगडकडे लागली, आबा मात्र मिळाले नाहीत. संध्याकाळी खटावकरांचा फोन आला. त्यांना आत यायचा पास नव्हता, बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी उभं राहून त्यांनी पाहिलं होतं.

“सरळ गेलं,” एवढंच ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी समुद्रावरच्या वाऱ्याचं पहिलं चित्र आलं. मी ते छापून घेतलं, पण ज्याला पहिल्यांदा दाखवायचं ते माणूस उरलं नव्हतं. खटावकर महिनाअखेरीला निवृत्त झाले. शाल नाही, नारळ नाही, भाषणं नाहीत. त्यांच्या टेबलावरचा डबा आणि भिंग त्यांनी स्वतःच पिशवीत भरलं आणि ते साताऱ्याकडे निघून गेले. मी दिवाळीला फोन करायचे. मंगळवारचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

चार वर्षांनी, ऑक्टोबरात, उपग्रहाच्या चित्रात भर समुद्रात वारा गोल फिरताना दिसला. तिथं ना जहाज होतं ना बेट. किनाऱ्यावर निरोप गेले, आणि या वेळी निरोपात दिवस होता, वेळ होती, वारा कुठून येणार तेही होतं. मी गजाच्या घरी वेगळा फोन केला. तो समुद्रावर होता. वाडीतल्या लोकांनी वायरलेसवरून सगळ्यांना माघारी बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटायच्या चार तास आधी, गजाचा फोन आला. तो ठेवल्यावर मी खटावकरांना लावला. त्यांना आता ऐकू कमी यायचं.

“काका, हेमांगी बोलतेय.”

“बोल.”

“गावाकडे वादळ येतंय. आमच्या वाडीतले मचवे परत आले.”

ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “गेले किती?”

“अकरा.”

“आले?”

“अकरा.”

“कुणी मोजले?”

“आईनं. पाण्यात उतरून, एकेका मचव्याला हात लावून.”

“हात लावून,” ते म्हणाले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. “मग बरोबर असणार. लिहून ठेव.”

फोन ठेवून मी टेबलावरची वही ओढली. तारीख घातली. आत अकरा, बाहेर अकरा. खाली माझी सही केली, आणि तिच्या शेजारी त्यांच्या सहीपुरती जागा मोकळी सोडली.